नितळ पाण्यातले मासे का मेले

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी तळ्याचा फिल्टर धुतला. घरातली जळमटं काढून झाली होती, डबे घासून झाले होते, मग परसातलं तेवढं कशाला घाण ठेवायचं असं वाटलं. पिंपातला स्पंज बाहेर काढला, नळाला पाइप जोडून पिळून पिळून धुतला. विटांचे तुकडे ब्रशने घासले. पिंप आतून पुसून कोरडं केलं. काळंभोर पाणी गटारात वाहून गेलं तेव्हा मनाला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तळं इतकं नितळ झालं की तळाची खडी मोजून घ्यावी. शेजारच्या वहिनी मुद्दाम बघायला आल्या.

नरकचतुर्दशीच्या पहाटे सासूबाई तुळशीपुढे पणती ठेवायला मागच्या दारी गेल्या आणि तिथूनच त्यांनी हाक मारली, "अगं, हे मासे वर येऊन तोंडं का उघडतायत?" मी धावत गेले. सगळे मासे धबधब्याच्या धारेखाली गोळा झाले होते, कल्ले भराभर हलत होते. पाडव्यापर्यंत चौदातले नऊ गेले. पाणी मात्र तसंच नितळ होतं.

ही २०१६ सालची गोष्ट. आमचं घर सांगलीला आहे. परसात जुन्या हौदाच्या जागी आम्ही १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा काढला आणि शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा कागद त्यात अंथरला. गोल्डफिश आणि कोई असे मासे सोडले. फिल्टर म्हणजे काय, तर एक निळं पिंप, त्यात स्पंज आणि विटांचे तुकडे. त्या दिवाळीनंतर मी जे शिकले ते इथे लिहिते आहे. यातलं बरंचसं मासे गमावून शिकले, म्हणून ते कुणाच्या तरी कामी यावं असं मनापासून वाटतं.

१. फिल्टरमधली काळी साय हाच खरा फिल्टर

मासे आपल्या शरीरातला बराचसा नको असलेला नायट्रोजन कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतात. त्यांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. तो पाण्यात विरघळतो, त्याला रंग नसतो, कुठल्याच जाळीत तो अडकत नाही. त्याला संपवतात ते जिवाणू. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना घातक. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आणि झाडांना तर ते खतच. हे काम जिवाणू करतात हे सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास दाखवलं. शेतीच्या पुस्तकात जे नत्राचं चक्र असतं, तेच आमच्या पिंपात चाललेलं होतं आणि मी ते ब्रशने घासून टाकलं.

हे जिवाणू पाण्यात तरंगत राहत नाहीत, पृष्ठभागाला धरून राहतात. स्पंजवरची, विटांवरची ती बुळबुळीत तपकिरी साय म्हणजे त्यांची वस्ती. आपल्या दुधाला विरजण लागतं तसे ते रातोरात वाढत नाहीत. अनुकूल परिस्थितीतही त्यांची संख्या दुप्पट व्हायला अर्धा दिवस ते एक दिवस लागतो. आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो तो जिवाणू मारण्यासाठीच. आपल्या पोटासाठी ते चांगलं, पण माझ्या फिल्टरमधल्या महिन्यांच्या वस्तीवर मी तोच पाइप धरला होता.

आता मी फिल्टर धुते तो असा: तळ्याचंच पाणी दोन बादल्यांत काढून घेते, स्पंज त्यात दोनतीनदा दाबते, मोठा गाळ सुटला की परत जागेवर. तो तपकिरीच राहतो आणि तसाच राहायला हवा. एका वेळी निम्मंच धुते, उरलेलं पंधरा दिवसांनी. बादलीतलं पाणी कढीपत्त्याला. गेल्या काही वर्षांत त्या कढीपत्त्याला मी वेगळं खत घातलेलं नाही.

२. आजार समजून औषध ओतण्याआधी पाणी तपासा

त्या दिवाळीत मासे तडफडताना बघून आम्ही धावत दुकान गाठलं. दुकानदाराने निळं औषध दिलं. मी ते ओतलं आणि उरलेसुरले जिवाणूही अडचणीत आणले. आमच्या माशांना रोग झालेला नव्हता, त्यांचा अमोनियाने जीव घुसमटत होता. तेव्हा करायला हवं होतं ते एवढंच: खाद्य बंद, तळ्यातलं तिसरा हिस्सा पाणी बदलणं आणि हवा सोडणं.

थेंब टाकून रंग बघायचा तपासणी संच मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो. अमोनिया, नायट्राइट, पीएच आणि कार्बोनेटचा कडकपणा, एवढ्या चार गोष्टी कळल्या तरी पुरे. अमोनियाच्या आकड्याशेजारी पीएच का बघायचा ते मला फार उशिरा समजलं. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच फार विषारी असतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर त्या विषारी रूपाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या पुढे जातो. ९ ला गेला तर एक तृतीयांशाहून जास्त. आमचं बोअरचं पाणी आठच्या वर आहे. म्हणजे पुस्तकात 'थोडा अमोनिया चालतो' असं वाचलं, तरी आमच्या तळ्यात तो चालत नाही.

नायट्राइट वाढला असेल तर साधं जाडं मीठ कामाला येतं. मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतो. हजार लिटरला एक किलो या हिशेबाने मी ते बादलीत विरघळवून दिवसभरात थोडं थोडं घालते. आयोडीनविना, काहीही न मिसळलेलं खडे मीठ घ्यावं.

३. तळं किती लिटरचं आहे ते मोजा

मी सगळ्यांना 'सातआठ हजार लिटरचं असेल' असं सांगत असे. मोजलं तेव्हा १५० घनफूट निघालं. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटर पाणी मावतं, म्हणजे सव्वाचार हजार. आमचे काठ सरळ आहेत म्हणून हिशेब सोपा. उतरते असतील तर पाणी आणखी कमी भरतं. मीठ, क्लोरीन काढायचं औषध, पंप, माशांची संख्या, सगळं या एका आकड्यावर अवलंबून असतं.

४. गाळ फिल्टरपर्यंत पोचण्याआधीच बसवा

आमच्या लहानपणी कृष्णेला नवं पाणी आलं की नळाला चहासारखं पाणी यायचं. आई पितळी पिंपात ते रात्रभर निवळत ठेवायची आणि सकाळी पिंप न हलवता वरचं वरचं पाणी हंड्यात काढून घ्यायची. ढवळलं की सगळी मेहनत वाया, म्हणून आम्हा पोरांना त्या पिंपाजवळ जायलाही बंदी होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्याला पाणी आणलं, त्या नळवाटेवरही मधे मधे उच्छ्वास बांधले होते. हवा बाहेर पडायची आणि साचलेला गाळ काढता यायचा. पाणी संथ झालं की जड ते खाली बसतं. हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, मला मात्र तळ्याच्या वेळी ते सुचलं नाही.

माझा पंप तळ्याच्या तळाशी होता. माशांची विष्ठा, कुजलेली पानं, सगळं त्याच्या पात्यांत सापडून बारीक भुगा व्हायचं आणि वर फिल्टरमध्ये जायचं. भुगा झालेली घाण बसत नाही, ती पाण्यात विरघळत राहते. आणि आमच्याकडे परसात शेवगा आहे. शेवग्याची पानं किती बारीक असतात ते तुम्हाला माहीत आहेच. वारा सुटला की ती हिरवी भुकटी पाण्यावर पसरायची आणि चार दिवसांत स्पंज गच्च. मग पाणी स्पंजमधून न जाता बाजूने वाट काढायचं. पंप चालू, पाण्याची धार चालू आणि फिल्टर मात्र नावाला.

२०१८च्या मे महिन्यात मासे मोठ्या टाकीत हलवून तळं रिकामं केलं आणि रचना बदलली. तळाला मध्यभागी निचऱ्याचं तोंड बसवलं. चांगल्या कागदाला स्वतःच्या हाताने भोक पाडताना छाती धडधडत होती. प्लंबरने दोन्ही बाजूंनी चकत्या आवळून, मधे सिलिकोन भरून तो जोड पक्का केला. पाणी भरून तीन दिवस बघितलं, थेंब गळला नाही. तिथून ११० मिलिमीटरचा पाइप जमिनीखालून पहिल्या पिंपात आणला. एका पिंपाऐवजी आता ओळीने पिंपं लावली आणि ती अशी खाली बसवली की त्यांतलं पाणी आणि तळ्यातलं पाणी एकाच पातळीला राहतं. पंप सगळ्यात शेवटी, शेवटच्या पिंपात. तो तिथलं स्वच्छ पाणी उचलून तळ्यात टाकतो, पातळी जरा उतरते आणि तळाचं घाण पाणी आपोआप पहिल्या पिंपात ओढलं जातं. घाण पंपाला शिवतच नाही.

पहिल्या पिंपात काहीही नाही, ते रिकामं आहे. पाइपचं तोंड मात्र कडेला वळवलेलं, त्यामुळे पाणी आत शिरलं की सावकाश गोल फिरतं आणि गाळ मधोमध खाली बसतो. तळाला एक बॉल व्हॉल्व्ह आहे. दर दोनतीन दिवसांनी तो अर्धा मिनिट उघडला की चॉकलेटी पाणी भसकन बाहेर येतं. ते थेट अळूच्या वाफ्यात जातं. माझं मत विचाराल तर सगळ्या सुधारणांत ही एक सर्वांत मोलाची. पैसे थोडेच असतील तर महागड्या माध्यमावर घालवू नका, आधी एक रिकामं पिंप घ्या.

५. पिंपात काय भरायचं

दुसऱ्या पिंपात गाळणारं, तिसऱ्यात जिवाणूंचं घर. गाळणाऱ्यात मी नायलॉनच्या घासण्या आणि शेडनेटचे गुंडाळे भरले आहेत, आधी जाड, मग बारीक. सुरुवातीला वाळू वापरून पाहिली होती. ती आठवड्यात दगडासारखी बसली. वाळूची गाळणी दाबाने चालणारी आणि उलट धुता येणारी असेल तरच घ्यावी.

तिसऱ्या पिंपात पूर्वी कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांत विटांचे तुकडे होते. काम ते करतातच, पण जड असतात आणि त्यांच्या फटींत गाळ साचून सडतो. आता तिथे प्लॅस्टिकची बोटाच्या पेराएवढी चाकं आहेत, आतून आऱ्या असलेली. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी ही पद्धत नॉर्वेत १९८०च्या दशकाच्या शेवटी विकसित झाली. खालून हवा सोडली की चाकं सतत उकळत्या पाण्यातल्या साबुदाण्यासारखी वरखाली होत राहतात. एकमेकांवर घासून बाहेरची जुनी साय गळून पडते, आतल्या आऱ्यांवरची टिकते. ५० लिटर चाकांमध्ये जिवाणूंना राहायला सुमारे २५ चौरस मीटर सुरक्षित जागा मिळते, आमच्या बैठकीच्या खोलीपेक्षा जास्त. पिंपाच्या निम्म्याहून फार जास्त भरू नयेत, नाहीतर फिरतच नाहीत.

नवी चाकं पाण्यावर नुसती तरंगत बसतात. मी आठवडाभर काडीने ढवळत होते आणि फसवली गेले की काय असं वाटत होतं. तीनचार आठवड्यांनी त्यांच्यावर साय धरली, ती जरा जड झाली आणि एका सकाळी आपली आपण गिरक्या घेऊ लागली. ते बघायला मी घरातल्या सगळ्यांना बोलावलं.

६. नव्या फिल्टरला दीड महिना द्या

पिंपं लावली, पंप सुरू केला, त्याच संध्याकाळी वीस मासे आणले, ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. नव्या फिल्टरमध्ये जिवाणू नसतात. आधी अमोनिया वाढतो, मग तो उतरत असताना नायट्राइट वाढतो आणि तो शून्यावर यायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. थंडीत त्याहून जास्त. त्या काळात दोनतीनच मासे, चिमूटभर खाद्य आणि एक दिवसाआड तपासणी. कुणा ओळखीच्याचं निरोगी तळं असेल तर त्यांच्या फिल्टरमधला एक मळका स्पंज मागून आणा आणि आपल्या पिंपात टाका. विरजण मागून आणतो तसंच ते. मात्र त्या तळ्यात अलीकडे रोगाने मासे मेले नाहीत ना, हे आधी विचारा.

७. पंप रात्री बंद करू नका

'दिवसभर चालतोच, रात्री कशाला?' असं आमच्या घरातही म्हटलं गेलं. हिशेब केला: ४० वॅटचा पंप चोवीस तास चालला तर दिवसाला एक युनिटसुद्धा पडत नाही, महिन्याला २९ युनिट. आणि रात्रीच तर त्याची गरज जास्त. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा प्राणवायू देतात, अंधारात त्याच तो घेतात. पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो पहाटे, उजाडण्याच्या जरा आधी. सासूबाईंना मासे वर दिसले तेही पहाटेच. उन्हाळ्यात ही ओढाताण आणखी वाढते, कारण गरम पाण्यात प्राणवायू मावतच कमी: २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. मासे, जिवाणू, शेवाळ सगळे त्याच साडेसातमधून घेणार.

वीज बराच वेळ गेली तर आणखी एक धोका असतो. बंद पिंपातले जिवाणू तिथला प्राणवायू काही तासांत संपवतात आणि मग आतलं पाणी सडू लागतं. वीज आली की पंप ते सगळं तळ्यात ढकलतो. चारपाच तासांहून जास्त वेळ पंप बंद राहिला असेल, तर मी आधी पिंपांचं पाणी बाहेर सोडते, वास घेऊन बघते आणि मगच बटण दाबते. बॅटरीवर चालणारा लहान हवेचा पंप आता कायम जवळ ठेवलेला आहे.

पंपाच्या खोक्यावरच्या आकड्यावरही विसंबू नका. माझ्या पंपावर ताशी ३,००० लिटर लिहिलेलं होतं. २० लिटरची बादली धारेखाली धरली आणि घड्याळ लावलं, तर भरायला ४८ सेकंद लागले. म्हणजे ताशी १,५००. पाणी जितकं उंच चढवावं, पाइप जितका अरुंद आणि वळणं जितकी जास्त, तितकी धार कमी होते. तळ्यातलं सगळं पाणी दोन तासांत एकदा तरी फिल्टरमधून जावं, असा माझा अनुभव आहे. मी पाऊण इंची पाइप काढून दीड इंची घातला, काटकोनी एल्बो दोन कमी केले, आणि त्याच पंपाने ती बादली ३२ सेकंदांत भरली.

८. पावसाळ्यात कोकणातले शिंपले

२०१९च्या पावसाळ्यात, सांगलीत महापूर आला त्या वर्षी, आमच्या भागात पाणी शिरलं नाही पण पाऊस दिवसेंदिवस थांबला नाही. तळं भरून वाहत होतं. बोअर वापरायची वेळ आली नाही, सगळं पावसाचं पाणी. पाऊस ओसरल्यावर तपासलं तर पीएच सहाच्या जवळ आणि अमोनिया पुन्हा दिसू लागलेला. फिल्टर कुणी धुतला नव्हता.

कारण असं की जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना पाण्यातला कार्बोनेट खर्च करतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे चुनखडीच्या हिशेबात सुमारे सात ग्रॅम. कडक पाण्यात तो साठा भरपूर असतो. पावसाच्या मऊ पाण्यात तो नसतोच. साठा संपला की पीएच कोसळतो आणि जिवाणू काम टाकून देतात. रत्नागिरीच्या नणंदेकडून मी कालवांचे शिंपले मागवले, स्वच्छ उकळून जाळीच्या पिशवीत भरले आणि तिसऱ्या पिंपात ठेवले. पाणी आम्ल व्हायला लागलं की शिंपले आपोआप झिजतात. दर जूनमध्ये पिशवी हाताने चाचपते, हलकी लागली की भर घालते. ज्यांच्याकडे बोअरचं कडक पाणी बारा महिने आहे, त्यांना याची गरज नाही.

९. हिरवं पाणी आणि तुरटी

पाणी हिरवं झालं की प्रत्येक जण एक उपाय सांगतो आणि त्यात तुरटी हमखास असते. पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवणं किंवा निवळीची बी उगाळणं ही आपली जुनी, चांगली रीत. पण तुरटी पाण्यातला कार्बोनेट खाते. मऊ पाण्याच्या तळ्यात ती टाकली तर पीएच झपकन खाली येतो. माशांच्या तळ्यात ती टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिरवं पाणी म्हणजे सूक्ष्म शेवाळ. त्याला ऊन मिळतंय आणि नायट्रेट-फॉस्फेटचं खत मिळतंय. ते माशांना थेट विष नाही, पण दुपारी पीएच वर चढवतं आणि पहाटे प्राणवायू ओढतं. अतिनील दिवा पाइपात बसवला की तरंगतं शेवाळ गुठळ्या धरून फिल्टरमध्ये अडकतं. आमच्याकडे दहा दिवसांत पाणी निवळलं. या दिव्याची नळी वर्षभर चालली की निळी दिसत राहते पण तिचा उपयोगी प्रकाश बराच घटलेला असतो, म्हणून ती दरवर्षी बदलायची. पेटलेल्या नळीकडे उघड्या डोळ्यांनी मुळीच बघू नका. आणि भिंतींवरच्या लांब केसाळ शेवाळावर या दिव्याचा काही परिणाम होत नाही, ते हातानेच काढावं लागतं.

शेवाळाचं खत दुसऱ्या कुणी खावं म्हणून मी परतीच्या वाटेवर खडीचा एक उथळ वाफा केला आहे. त्यात कर्दळ, वेखंड आणि अळू. कर्दळ इतकी माजते की दर दोन महिन्यांनी विभागून वाटावी लागते. जलपर्णीची मुळंही पाणी छान गाळतात, पण ती लावायचीच असेल तर जास्तीची झाडं उन्हात पूर्ण वाळवून कंपोस्टात घाला. ओढ्यात एक रोप गेलं तरी काय होतं ते पंचगंगेवर आणि मुळा-मुठेवर आपण सगळे बघतोच.

१०. 'शेवाळ खाणारा मासा' आणू नका

सकर मासा दुकानात बोटाएवढा असतो. तळ्यात तो फुटाहून मोठा होतो, चिखल उकरतो, रात्री इतर माशांच्या अंगाला चिकटतो आणि स्वतः भरपूर घाण करतो. मग लोकांना तो नकोसा होतो आणि ते तो नदीत सोडतात. मूळ दक्षिण अमेरिकेतला हा हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत घातलेला मासा आज उजनी जलाशयात मोठ्या संख्येने आहे आणि तिथल्या मच्छीमारांची जाळी त्याने फाटतात. घरातला कुठलाही मासा, गप्पीसुद्धा, नदीत, ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नये.

११. फिल्टरचं माप खाद्याच्या मुठीवरून

माशांच्या संख्येपेक्षा रोज किती खाद्य पडतं त्यावर फिल्टरचं ओझं ठरतं. ३५ टक्के प्रथिनांचं १०० ग्रॅम खाद्य पाण्यात गेलं की त्यातून तीन ग्रॅमच्या आसपास अमोनिया-नायट्रोजन येतो. पाहुण्यांची मुलं आली की मूठमूठ खाद्य टाकायची आणि मी काही बोलत नसे. आता दिवसाचं खाद्य सकाळीच एका वाटीत काढून ठेवते. मुलांना त्यातूनच द्यायचं. दोनतीन मिनिटांत संपेल तेवढंच. फार थंडीच्या दिवसांत त्याहून कमी.

मासेही कमी केले. कोई दोन फुटांपर्यंत वाढतात, सव्वाचार हजार लिटरमध्ये त्यांची गर्दी नको. तीन मोठे कोई मोठं बंदिस्त तळं असलेल्या ओळखीच्यांकडे दिले. आता तीन कोई आणि पाच गोल्डफिश आहेत. दिवाळीतून वाचलेल्या पाचांपैकी दोन अजून आहेत.

१२. पाण्यात हात घालण्याआधी

हे शेवटी लिहिते आहे, पण ते मला सगळ्यात आधी कळायला हवं होतं. २०२० साली एका संध्याकाळी गाळ काढायला मी पिंपात हात घातला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. पंपाच्या वायरीचं आवरण पिंपाच्या काठावर घासून फाटलं होतं. पायात रबरी चपला होत्या, म्हणून त्या झिणझिण्यांवर निभावलं. माझ्याशेजारी पायरीवर माझी सहा वर्षांची नात अनवाणी बसलेली होती.

दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावून तळ्याच्या वायरिंगला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घेतला आणि घराचं अर्थिंग तपासून घेतलं. उघड्यावरचे जोड काढून पाणबंद डब्यात घेतले. आरसीसीबीवर चाचणीचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघते. तुमच्या तळ्याला, कारंज्याला, अगदी गॅलरीतल्या मोठ्या टाकीलाही ही सोय नसेल, तर नवा मासा किंवा नवा फिल्टर घेण्याआधी तेवढं करून घ्या. आणि ते झाल्यावरही, फिल्टरला हात लावण्याआधी दर वेळी प्लग काढून बाजूला ठेवा.